परग्रहावरचा गुत्ता : विज्ञानकथेतील एका स्थळाचा विचार

विज्ञानकथेच्या समीक्षेत काळाचा विचार पुष्कळ होतो. त्या मानाने स्थळाचा विचार फारच थोडा होतो. भविष्यकाळ, कालप्रवास, प्रकाशवर्षे ही या वाङ्मयप्रकाराची ओळख मानली गेल्यामुळे पात्रे नेमकी कोठे बसून बोलतात, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. कथनात्म साहित्यातील काळ आणि अवकाश एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत आणि विशिष्ट स्थळे विशिष्ट प्रकारच्या घटनांनाच जन्म देतात, हे मिखाइल बाख्तिनने रस्ता, गढी, दिवाणखाना, उंबरठा अशा स्थळांच्या आधारे दाखवून दिले. या मालिकेत विसाव्या शतकातील विज्ञानकथेने एका स्थळाची भर घातली आहे. ते स्थळ म्हणजे परग्रहावरचा गुत्ता. अंतराळतळाच्या आडोशाची अंधारी, कळकट जागा, नाना आकारांचे प्राणी, पेल्यांचा खणखणाट आणि कोपऱ्यातल्या मेजावर हलक्या आवाजात चाललेला एखादा सौदा असे हे चित्र आहे. ते इतक्या वेळा वापरले गेले आहे की, 'घासून गुळगुळीत झालेला संकेत' एवढे म्हणून ते मोडीत काढण्याकडे जाणकारांचा कल असतो. हा निकाल घाईचा आहे. ज्या संकेताची पुनरावृत्ती होते, त्याच्यामागे कथनाची काही गरज दडलेली असते. ती गरज ओळखली, तर या स्थळाचे सामर्थ्य जसे कळते, तशीच त्याची लबाडीही कळते. शिवाय मराठी विज्ञानकथेत असे स्थळ का घडले नाही, या प्रश्नाचाही काही उलगडा होतो.

या स्थळाचे सर्वपरिचित उदाहरण जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटात आहे. टॅटूइन या वाळवंटी ग्रहावरील मोस आयस्ली नावाच्या बंदरवजा गावातील मद्यगृहात वृद्ध ओबी-वान केनोबी आणि तरुण ल्यूक हे दोघे हान सोलो या तस्कराशी प्रवासाचा सौदा करतात. दोन माणसे आणि दोन यंत्रमानव आल्डरान या ग्रहावर पोचवायचे आहेत. कोणी प्रश्न विचारायचे नाहीत, साम्राज्याच्या शिपायांशी गाठ पडता कामा नये, या अटी आहेत. सोलो दहा हजार मागतो, तेही आगाऊ. एवढ्या पैशात जवळजवळ स्वतःचे यान येईल, म्हणून ल्यूक संतापतो. वृद्ध केनोबी मात्र दोन हजार आता आणि पंधरा हजार पोचल्यावर, असा उलटा प्रस्ताव ठेवतो. सौदा सतरा हजारांवर तुटतो.

वरवर पाहता ही घासाघीस आहे. पण या आकड्यांतच पात्रांचे चित्रण झाले आहे. मागितलेल्या रकमेपेक्षा सात हजार अधिक देऊ करणारा माणूस एक तर भोळा असला पाहिजे किंवा अतिशय अडलेला. सोलो दुसरा अर्थ काढतो आणि तो बरोबरही असतो. केनोबीजवळ रोकड नाही. जे हाती नाही ते भविष्यकाळातून उसने घेऊन तो वर्तमानकाळातील मौन विकत घेतो. त्या दोन हजारांसाठीसुद्धा ल्यूकला आपले वाहन विकावे लागते. पुढे यान आल्डरानला पोचते तेव्हा तो ग्रहच नष्ट झालेला असतो आणि उरलेले पंधरा हजार देणारे कोणी राहत नाही. गुत्त्यात झालेला करार असा मोडतो आणि त्यानंतर सोलो जे काही करतो, ते कराराच्या पलीकडचे ठरते. त्याला बक्षिसाची लालूच दाखवावी लागते, तो निघून जातो आणि अखेरीस परत येतो. तस्कराचे सहकाऱ्यात होणारे हे रूपांतर कथानकाचा कणा आहे. गुत्त्यातला व्यवहार आधी नीट, रोखठोक मांडला गेला नसता, तर हे रूपांतर जाणवलेच नसते. स्थळाची कथनपर गरज म्हणतात ती अशी.

गुप्त वाटाघाटींसाठी गुत्ताच का? एकांत हवा तर गुहा आहे, वाळवंट आहे. याचे उत्तर असे की, एकांतात भेटणारे दोघे संशयास्पद ठरतात, गर्दीत भेटणारे ठरत नाहीत. गुत्त्यात प्रत्येकाला काहीतरी लपवायचे असल्यामुळे दुसऱ्याचे लपवणे कोणाला खटकत नाही. तेथे कायदा पूर्णपणे अनुपस्थित नसतो, तो डोळे मिटून बसलेला असतो. तेथे जात, हुद्दा, मूळ गाव यांची चौकशी होत नाही, चौकशी होते ती पैशाची. म्हणून ज्यांचा एरव्ही संबंध येणे शक्य नाही, अशा दोन स्तरांतील माणसांची गाठ कथाकाराला तेथे पटेल अशा रीतीने घालून देता येते. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ मध्ये अठराव्या शतकातील कॉफीगृहांना सार्वजनिक विचारविनिमयाचे उगमस्थान मानले. गुत्ता हे त्या कॉफीगृहाचे काळोखी भावंड आहे. कॉफीगृहात मत उघडपणे बनते, गुत्त्यात निर्णय झाकून होतो.

हे ज्ञान आधुनिक चित्रपटाने प्रथम मिळवले असे मानण्याचे कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या कर्तव्यांचे जे प्रकरण आहे, त्यात मद्यगृहाची रचना सांगितली आहे. अनेक दालने, निरनिराळी आसने व शय्या, गंध, माळा, पाणी आणि सर्व ऋतूंत सुखावह अशी व्यवस्था असावी, असे ते सांगते. त्याबरोबरच गूढपुरुषांनी तेथे राहून गिऱ्हाइकांचा नेहमीचा खर्च कोणता व अवाजवी कोणता हे पाहावे, परक्या माणसांची माहिती काढावी आणि धुंद होऊन झोपलेल्यांच्या अंगावरील दागिने, वस्त्रे व पैसा यांची नोंद ठेवावी, असेही ते बजावते. र. पं. कंगले यांच्या संपादनामुळे हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या माध्यमातून १९६० पासून चिकित्सित स्वरूपात उपलब्ध आहे. मराठीच्या अभ्यासकाने हे प्रकरण कथनशास्त्राच्या दृष्टीनेही वाचावे, इतके ते मार्मिक आहे. राज्यकर्त्याला गुत्ता बंद करायचा नाही. तो सुखकर करायचा आहे, म्हणजे लोक सैल होतील आणि बोलतील. गुप्ततेची जागा हीच पाळतीची जागा असते, हे त्यातील मर्म आहे. मोस आयस्लीतही सौदा होतो न होतो तोच शिपाई दारात येतात आणि पुढे एक लांब सोंडेचा खबऱ्या प्रवाशांचा माग काढून वर्दी देतो. गुत्त्यातील प्रत्येक वाटाघाटीत दिसत नसलेला तिसरा पक्ष असतो. त्याचे भान असल्यामुळेच तेथील संवाद तोकडा, सूचक आणि ताणलेला होतो. कथाकाराला हा ताण फुकटात मिळतो.

या स्थळाची साहित्यिक वंशावळही पाहण्यासारखी आहे. सी. एल. मूर या लेखिकेची 'शॅम्ब्लो' ही कथा १९३३ मध्ये 'वियर्ड टेल्स' मासिकात आली. तिचा नायक नॉर्थवेस्ट स्मिथ हा मंगळावरच्या वसाहतीत वावरणारा कायदाबाह्य माणूस आहे. ली ब्रॅकेट यांच्या मंगळकथांत कालव्याकाठची पडकी गावे, मद्यगृहे आणि चोरटा पुरातन माल विकू पाहणारे मंगळवासी वारंवार भेटतात. याच ब्रॅकेटबाई 'द बिग स्लीप' या १९४६ च्या गुन्हेगारीपटाच्या आणि 'रिओ ब्राव्हो' या १९५९ च्या पश्चिमपटाच्या पटकथालेखनात होत्या. १९७८ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या १९८० मध्ये पडद्यावर आलेल्या चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. गुप्तहेरकथेतील बकाल बार, पश्चिमपटातील सलून आणि परग्रहावरचा गुत्ता ही तिन्ही स्थळे एकाच लेखणीखालून गेली, ही गोष्ट योगायोगाची नाही. अमेरिकेत स्वस्त मासिकांच्या बाजारपेठेत हे तिन्ही प्रकार शेजारीशेजारी नांदत होते आणि लेखक एकातून दुसऱ्यात ये-जा करीत होते.

दुसरे पूर्वज म्हणजे मायकेल कर्टिझ यांचा 'कॅसाब्लांका' हा १९४२ चा चित्रपट. व्हिशी राजवटीखालील मोरोक्कोतील रिकचे कॅफे, प्रवासपरवान्यांसाठी चाललेली लपवाछपवी, लाच खाणारा पोलीसप्रमुख, सर्वांशी अलिप्त राहू पाहणारा आणि शेवटी बाजू घेणारा नायक ही सारी मांडणी मोस आयस्लीत ओळखू येते. पण एक फरक मूलगामी आहे. 'कॅसाब्लांका'तील दुय्यम भूमिकांत अनेक नट खरोखरच नाझींच्या भीतीने युरोप सोडून आलेले होते. म्हणून त्या कॅफेतील गर्दी पार्श्वभूमी उरत नाही. प्रत्येक मेजावर एक विस्थापित आयुष्य बसलेले आहे असे वाटते आणि फ्रेंच राष्ट्रगीताच्या प्रसंगी ती गर्दीच नायक होते. (त्या गर्दीतही मोरोक्कोचे मूळ रहिवासी जवळजवळ मुके आहेत, हे मात्र नजरेआड करता येणार नाही.) मोस आयस्लीतील गर्दीची घडण अगदी निराळी आहे. मुख्य चित्रीकरण इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओत झाले. तेथे प्राण्यांचे मुखवटे अपुरे पडले, म्हणून पुढे अमेरिकेत रिक बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी मुखवटे घडवले आणि त्यांची तुटक दृश्ये नंतर जोडण्यात आली. ज्या परग्रहवासीयांमुळे हा गुत्ता अजरामर झाला, त्यांतील कित्येक नायकांसोबत एका खोलीत कधी नव्हतेच. निर्मितीची ही हकीकत त्या प्रसंगाच्या आशयावरचे भाष्य वाटावे इतकी बोलकी आहे.

येथे या स्थळाची लबाडी सुरू होते. गुत्ता परग्रहावरचा खरा, पण त्यातील महत्त्वाची वाटाघाट माणसामाणसांतच होते. परग्रहवासी असतात ते भांडणापुरते, वाद्यवृंदापुरते आणि नजर वेधण्यापुरते. चुबाका मध्यस्थ आहे, पण त्याचे बोलणे प्रेक्षकाला सोलोच्या उत्तरांतूनच कळते. वाटाघाटीत खरोखर बोलणारा परग्रहवासी एकच, तो म्हणजे जबाचे येणे वसूल करायला आलेला ग्रीडो. त्याच्या वाक्यांना उपशीर्षके मिळतात आणि त्याचे बोलणे संपते न संपते तोच मेजाखालून गोळी सुटते. ही गोळी आधी कोणी झाडली, यावर पुढे रणे माजली. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि नेम चुकवतो असे दाखवण्यात आले, २००४ आणि २०१९ मध्ये त्या क्षणाची मांडणी पुन्हा बदलली गेली. नायकाची नैतिकता सांभाळण्यासाठी एवढा खटाटोप झाला. ग्रीडोच्या बाजूने मात्र कोणी प्रश्न विचारला नाही. त्याहून लक्षणीय बाब भाषेची आहे. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी ग्रीडोच्या बोलीसाठी दक्षिण अमेरिकेतील क्वेचुआ भाषेच्या ध्वनींचा आधार घेतला. अँडीज पर्वतराजीतील लक्षावधी माणसांची जिवंत भाषा येथे 'परकेपणाचा आवाज' म्हणून वापरली गेली. इंग्रजी बोलणाऱ्या प्रेक्षकाला तो केवळ ध्वनी वाटतो, कारण त्याच्या ओळखीच्या जगात ती भाषा बोलणारे कोणी नाही. प्रादेशिक भाषेच्या अभ्यासकाला या गोष्टीने अस्वस्थ व्हायला हवे. कोणाची भाषा अर्थ ठरते आणि कोणाची भाषा नुसता नाद, हे ठरवणारी सत्ता कल्पित ग्रहावरही पाठ सोडत नाही.

आणि दाराशी घडणारा प्रसंग तर मराठी वाचकाला वेगळ्याच ठिकाणी लागला पाहिजे. चार डोळ्यांचे, शिंगांचे, सोंडेचे सारे प्राणी आत बसले आहेत. पण ल्यूकबरोबर आलेल्या दोन यंत्रमानवांना पाहताच मद्यविक्रेता ओरडतो आणि त्यांच्या जातीला येथे प्रवेश नाही असे बजावतो. ल्यूक निमूटपणे त्यांना बाहेर थांबायला सांगतो. कोणी निषेध करीत नाही. प्रसंग हलकाफुलका म्हणून रंगवला आहे आणि पाश्चात्त्य प्रेक्षक हसतो. परंतु १९२७ च्या महाड सत्याग्रहाचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला, चहाच्या दुकानात वेगळ्या ठेवलेल्या कपबशीचा अनुभव ज्या भाषेतील दलित आत्मकथनांनी नोंदवला, त्या भाषेच्या वाचकाला हे हसू सहज यायचे नाही. शिवाय विरोधाभास असा की, शत्रूच्या महाकाय शस्त्राचे चोरलेले आराखडे त्या दोहोंपैकी एका यंत्रमानवाच्या पोटात आहेत. ज्यांच्यामुळे गुप्तता हवी, ज्यांच्या प्रवासासाठी सतरा हजार ठरतात, ते उंबरठ्याबाहेर उभे असतात. वाटाघाट त्यांच्याविषयी होते, त्यांच्याशी होत नाही. इतिहासातील कित्येक वाटाघाटींचे याहून नेमके रूपक सापडणे कठीण आहे. चित्रपटाला त्याची जाणीव असेलच असे नाही, पण वाचनाची जबाबदारी जाणिवेवर अवलंबून नसते.

उर्सुला ले ग्विन यांनी १९७५ मध्ये अमेरिकन विज्ञानकथेतील 'अन्य' या संकल्पनेवर लिहिताना, ही कथा परक्याला समान माणूस म्हणून पाहतच नाही, असा आक्षेप घेतला होता. परग्रहावरचा गुत्ता त्या आक्षेपाला अपवाद वाटतो आणि बारकाईने पाहिले की पुरावा ठरतो. तथापि हा दोष स्थळाच्या ठायी अटळ नाही. लॅरी निव्हन यांच्या १९७७ पासूनच्या 'ड्रेको टॅव्हर्न' कथांत मद्यगृह पृथ्वीवर आहे आणि परग्रहवासी तेथे गिऱ्हाईक म्हणून येतात. पेल्यावर चालतो तो व्यवहार ज्ञानाचा असतो आणि पुष्कळदा त्यात माणूसच अडाणी ठरतो. १९९३ ते १९९९ या काळातील 'डीप स्पेस नाइन' या दूरचित्रवाणी मालिकेने एक पाऊल पुढे टाकले. तेथे गुत्त्याचा मालकच क्वार्क नावाचा परग्रहवासी आहे आणि तो पार्श्वभूमी नाही, पात्र आहे. १९९८ मधील एका भागात स्थानकाचा अधिकारी सिस्को युद्ध जिंकण्यासाठी एका तटस्थ सत्तेला बनावट पुराव्याने आपल्या बाजूस ओढण्याचा कट रचतो. त्यासाठी आणलेला बनावटगार क्वार्कच्या गुत्त्यात क्वार्कलाच भोसकतो आणि तक्रार होऊ नये म्हणून सिस्कोला क्वार्कपुढे लाच ठेवावी लागते. क्वार्क खूश होतो. प्रत्येकाची काही किंमत असते या आपल्या शास्त्रवचनावर सिस्कोने पुन्हा विश्वास बसवला, याबद्दल तो त्याचे आभार मानतो. मोस आयस्लीत परक्याकडे पाहून माणूस नाक मुरडतो. येथे परका माणसाला आरसा दाखवतो. स्थळ तेच, पण नजर फिरली की नैतिक प्रश्न खरा होतो.

आता मराठीचा विचार. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. तिच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांची 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने दाखल झाली आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभत गेली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे आदींनी ती समृद्ध केली. या परंपरेचे ऋण मोठे आहे, पण तिची स्थळे पाहिली की एक मर्यादा जाणवते. प्रयोगशाळा, वेधशाळा, परिषद, संचालकांचे दालन, मंत्र्यांचे कार्यालय ही तिची आवडती ठिकाणे आहेत. तेथे भेटणारे बहुधा एकाच वर्गातील, एकाच शिक्षणाचे असतात. संकट आले तर ते अधिकृत मार्गाने कळते आणि निर्णयही अधिकृत मेजावर होतो. ज्ञान ही विकली जाणारी, चोरली जाणारी, दडवली जाणारी वस्तू आहे, याची नोंद येते, पण तिचा वास येत नाही.

याचे कारण मराठीला गुत्ता ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी गुन्हेगारांचे अड्डे आणि कटकारस्थाने घरोघरी नेली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने शहरात 'आंटीचे गुत्ते' उगवले आणि परवान्याच्या तरतुदीतून 'परमिट रूम' हा मराठी पाट्यांवर रुळलेला शब्दप्रयोग जन्माला आला. कायद्याने अर्धवट मिटलेल्या डोळ्याचे याहून चपखल नाव कोणत्या विज्ञानकथाकाराला सुचले असते? भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'सारख्या लेखनाने मुंबईच्या नाक्याची भाषाही कथनात आणली. साहित्य होते, स्थळ होते, भाषा होती. नव्हती ती ये-जा. ब्रॅकेटबाई गुप्तहेराच्या बारमधून उठून थेट मंगळावरच्या गुत्त्यात जाऊन बसू शकल्या. मराठीत रहस्यकथेच्या गल्लीतून विज्ञानकथेच्या प्रयोगशाळेकडे जाणारी वाट फारशी कोणी चोखाळली नाही, कारण मराठी विज्ञानकथेने विज्ञानप्रसाराचे व्रत घेतले आणि व्रतस्थाने गुत्त्याची पायरी चढू नये हा संकेत आपोआप पाळला गेला. प्रतिष्ठा मिळाली, पण तिची किंमत म्हणून बकाल, मिश्र, दुटप्पी जग बाहेर राहिले.

यावर दोन आक्षेप संभवतात. मराठीत असा गुत्ता आणणे हे परक्याचे अनुकरण होईल, हा पहिला. मुखवटे उसने आणले तर तसे होईलच. पण प्रश्न मुखवट्यांचा नाही. विषम बळाचे दोन पक्ष, दोन भाषा, ठरवायची किंमत आणि कान देऊन बसलेला तिसरा अशी स्थिती निर्माण करणारी जागा हवी. ती गोदीजवळची खानावळ असेल किंवा एखाद्या यात्रेतील तंबू असेल. कौटिल्याने वर्णिलेली दालने तर घरचीच आहेत. दुसरा आक्षेप असा की, विज्ञानकथेचे काम विज्ञान सांगणे, व्यवहारातील काळेबेरे सांगणे नव्हे. परंतु औषधांचे हक्क, बियाणांची मालकी, माणसांच्या माहितीचा साठा यांविषयीचे आजचे करार पाहता, विज्ञान आणि बंद दाराआडची वाटाघाट यांची फारकत करणे म्हणजे अर्धे विज्ञान सांगणे होय.

विज्ञानकथा पदव्युत्तर वर्गात शिकवताना कल्पनेची वैज्ञानिक शक्यता तपासण्याची पद्धत रूढ आहे. तिच्या जोडीला आणखी काही साधे प्रश्न घ्यावेत. वाटाघाट कोठे होते? मेजाशी कोणाला बसू दिले आहे? कोणाच्या बोलण्याला उपशीर्षक मिळते? दाराबाहेर कोणाला थांबवले आहे? हे प्रश्न प्रयोगशाळेतील कथेलाही विचारता येतात, आणि तेथे त्यांची उत्तरे गुत्त्यापेक्षा फार निराळी येतील असे गृहीत धरण्याचे कारण नाही.